पाणी कुठून येऊन राहिलं

प्रिय पायल,

काल सगळ्यात आधी कोण टपकलं सांगू? कांताबाई! घर पाहायले येणाऱ्यांचा पत्ता नव्हता, आन ही समोरच्या घरातून नऊ वाजताच हजर, हातात रिकामी वाटी. म्हणे, साखर संपली वं इंदूबाई. मले माहीत आहे तिची साखर. मागच्या दोन्ही खेपेले तिची साखर त्याच दिवशी संपली होती. बसली पलंगावर मांडी ठोकून, आन घर घेणारे मनोहरराव दारात येताच मले कोपर मारून म्हणे, बघ वं, आज शर्टाले इस्त्री आहे, म्हणजे सौदा पक्का.

तू हसशील, पण मले हे इन्स्पेक्शन म्हणजे पोरगी दाखवल्यासारखंच वाटते. पहिल्यांदा तू बंगलोरहून फोन केला, की आजी, उद्या घराचं इन्स्पेक्शन आहे, तर मी सगळ्या खोल्या पुसल्या, तर्री-पोहे केले, आन स्वतः नवं पातळ नेसून बसली. त्यांचा इंजिनिअर अमोल म्हणे, आजी, आम्ही भिंती पाहायले आलो. मी म्हटलं, भिंती काही पळून चालल्या नाहीत, तू आधी खाऊन घे गा. आता तर तो दारातूनच विचारते, आजी, तर्री तिखट आहे ना? भिवापूरची मिरची आहे बापा, मी म्हणते, रडत जाशील.

माणसं चांगली आहेत हो. मनोहरराव मौद्याले नोकरी करून रिटायर झाले. त्यांची पार्वतीबाई पहिल्याच दिवशी माह्या सैपाकखोलीत उभी राहून म्हणे, इथून सकाळचं ऊन येते वाटते. मले इतकं बरं वाटलं! चार वर्षांत ह्या घरात एकदम चार कप चहा कधी लागला नव्हता. खरं सांगते, ते येणार म्हटलं की मी आदल्या दिवसापासूनच खुश राहते. घर विकायची गोष्ट आहे हे इसरूनच जाते.

पण ती मागची खोली. अमोलजवळ एक यंत्र आहे, भिंतीले दोन सुया टोचल्या की टीं टीं वाजते. सगळ्या घरात मुकं राहते, आन मागच्या खोलीत खिडकीखाली नेलं की बोंबलते. सीलन, म्हणजे भिंतीत ओल. पहिल्या खेपेले म्हणाले, न्हाणीचा पाइप फुटला असेल. दुसऱ्या खेपेले प्लंबरने फरशी फोडली, तर पाइप कोरडा ठणठणीत. मग तू टाकी दोन दिवस बंद ठेवायले लावली. मी कांताबाईकडून बादल्या आणल्या. तरी भिंत ओलीच. तू फोनवर प्लंबरले चोर म्हणाली, मनोहररावले म्हणाली की तुम्ही भाव पाडायले बहाणे करून राहिले. प्लंबर बिचारा मान खाली घालून उभा होता. काल अमोलने डोक्यावर हात मारला, म्हणे, आजी, नळ बंद, टाकी बंद, पाऊस नाही, तर पाणी कुठून येऊन राहिलं? मी म्हटलं, काय माहीत बापा.

पायल, मी खोटं बोलली. रोज सकाळी फोटोसमोर पंचशील म्हणते, खोटं बोलणार नाही म्हणते, आन उठून तोच पितळी गडवा घेते, जो मी तुह्यापासून लपवला.

तू ती खोली पाहिली नाही, तुह्या बाबाच्या जाण्यानंतर. तुले यायले जमलं नाही, लॉकडाऊनमध्ये रस्तेच बंद होते, मी कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. पण तुले मी सगळं सांगितलंही नाही. फोनवर तू विचारायची, आजी, बाबा शेवटी काही बोलले का? मी म्हणायची, नाही वं, शांत होता. माह्या प्रेमानंदले कळमन्याच्या बाजारातून आला तेव्हाच ताप होता. स्वतःच मागच्या खोलीत गेला, आतून कडी लावली, म्हणे, माय, तू आत येऊ नको. सात दिवस मी मागच्या बोळातून खिडकीच्या चौकटीवर ताट ठेवायची, गडवा ठेवायची, आन दूर उभी राहायची. तो हात काढून घ्यायचा. गडवा रिकामा करून उलटा ठेवायचा, म्हणजे मले कळावं, प्यायला. आठव्या दिवशी दवाखान्याची गाडी आली. त्यानं खिडकीतून म्हटलं, माय, पाणी. मी धावत जाऊन भरून आणलं. तोपर्यंत त्याले समोरच्या दारानं नेलं होतं. गाडीतले म्हणाले, बाई, दूर व्हा. मी भरलेला गडवा घेऊन बोळात उभी. काय करू, तिथंच चौकटीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तुले जो फोन गेला तो गेला. गडवा तसाच भरलेला होता. मी तो खिडकीखालच्या भिंतीच्या भेगेत ओतला.

त्या भेगेत पिंपळ आला. पिंपळ कुठंही येते, त्यात काही नाही, पाखरं बी टाकतात. आपण छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. पिंडदान नाही, श्राद्ध नाही, मेलेल्याले पाणी देणं नाही. तुह्या आजोबांनी तर बहिणीले ह्यावरून भर मांडवात झापलं होतं. आन मी? दिवस उजाडायच्या आत एक गडवा तिथंच ओतते, उन्हाळ्यात दोन. अमोल येईपर्यंत बाहेरून वाळून जाते. आत मुरते. ह्या करण्याले काय म्हणतात मले माहीत नाही. मी त्याले देत नाही वं. मी फक्त त्यानं मागितलेलं राहिलं होतं, ते आणून ठेवते.

आता पिंपळ खिडकीच्या गजाच्या वर गेला आहे. मनोहरराव म्हणतात, ओल सापडली नाही तर आम्ही दुसरं घर पाहू. आन अमोल म्हणते, आजी, ते झाड उपटून मुळात औषध टाकतो, पुन्हा फुटणार नाही. घर विकू नको असं मी म्हणत नाही. तुह्या आठव्या माळ्यावर मी येईन, बाल्कनीत बसीन, तुले पोहे करून घालीन. तू प्लंबरले फोन करून माफी माग, तो चोर नाही. मनोहररावले मी स्वतः सांगते की भिंत चांगली आहे, म्हातारी वाईट आहे. पण तू एकदा येजो. आईनं तर चार वर्षं पाणी घातलं, लेकीच्या हातचा एक गडवा राहिला. तू ओत, मग मी झाडावरचा हात काढते, आन अमोलले म्हणते, कर बापा तुहं काम.

मंगळवारच्या गाडीनं ये. ते लोक बुधवारी दहा वाजता येतो म्हणाले.

तुझीच,
ह्या घरातली गळती,
आजी