डोलकाठीच्या भरवशावर

पोर्थवीन बंदर,
मंगळवार

ती. एनोकमामा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या मुलाचा, व्हर्ननचा, नमस्कार. तुमचा गुडघा आणि हिल्डामामीचा खोकला कसा आहे? कबुतरं बरी आहेत ना? मी धडधाकट आहे, पण माझ्यावर जो अन्याय झालाय तो बसूनच वाचा.

महिनाभर बघू, मग गोलकीपर म्हणून कायम करू, असं मॅनेजर बॅससाहेबांनी मला आल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि तो महिना गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी, मॅचच्याच दिवशी भरत होता. आता तुम्हीच सांगा, गोलकीपर गोलाकडे पाठ करून उभा राहतो, तर मध्य कुठे हे त्याला कळावं कसं? सगळं जग टाचेने मातीत रेघ ओढतं. पण इथला मैदानाचा माळी, म्हातारा ट्रेगिअर (गवत जणू त्याच्या बायकोने माहेरून आणलंय), पहिल्याच दिवशी माझ्या बुटाकडे बघून म्हणाला, "रेघ ओढलीस तर एका पायाने घरी जाशील." म्हणून मी तुमची विद्या काढली. लहानपणापासून तुम्ही सांगत आलात की रेघबिघ काही नको, समोर लांबवर एक उंच वस्तू धरावी, ती पलीकडच्या गोलाच्या मधोमध दिसली की आपणही आपल्या गोलाच्या मधोमध. आपल्याकडे गिरणीचं धुराडं होतं. त्याच्यावर तुम्ही अकरा वर्षं गोल राखलात (आणि दर ख्रिसमसला आम्हाला ते ऐकवलंत).

मध्यंतरापर्यंत समोर चर्चचा मनोरा होता. एक चेंडू आत गेला नाही. मग बाजू बदलल्या आणि समोर बंदर आलं. तिथे एक डोलकाठी अशी उंच, अशी ताठ, की धुराड्याची सख्खी बहीण. मी तिला धरलं. मामा, आपल्या गावाला समुद्र नाही यात माझा काय दोष? भरती आली की जहाजं निघतात, हे मला कुणी सांगायला नको? आणि ते जहाज भोंगासुद्धा न वाजवता, लग्नातून न जेवता निघालेल्या पाहुण्यासारखं हळूहळू सरकत होतं. ते डावीकडे, मी उजवीकडे. मला वाटायचं मीच चुकतोय, म्हणून मी दर मिनिटाला पाऊल सावरून घ्यायचो. इतक्या शिस्तीने कुणी गोल सोडला नसेल.

गोलामागचे लोक मटणाच्या करंज्या (इथे त्यांना पेस्टी म्हणतात) खात मजेत बघत होते. एक जण म्हणाला, "पोरा, चहाला चाललास तर माझाही आण." मी म्हटलं, उत्तरेकडचा म्हणून चिडवतायत, लक्ष द्यायचं नाही. आमचा बचावपटू डग्लस तर दहा पावलांवर होता. त्याला नंतर विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं, साहेबांचा नवा डाव असेल." तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने अर्ध्या मैदानातून चेंडू मारला. मी झेप घेतली. अशी झेप तुम्हीसुद्धा आयुष्यात घेतली नसेल. ती थेट कोपऱ्यातल्या निशाणापाशी संपली, आणि चेंडू रांगत रांगत मोकळ्या गोलात गेला. त्या एका गोलाने हरलो.

बॅससाहेबांनी विचारलं, "कुणाचा गोल राखत होतास?" मी खरं ते सांगितलं. ते खिडकीतून बंदराकडे बघून म्हणाले, "जहाज परत येईपर्यंत खेळायची गरज नाही." ते जहाज भंगारात निघालं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दोष पहिला ट्रेगिअरचा, दुसरा बंदराचा, तिसरा तुमचा. मोठे आहात म्हणून तिसरा.

तुमचा रागावलेला भाचा,
व्हर्नन (माजी गोलकीपर)

ता. क. : आईला एवढंच सांगा की क्लबने मला ठेवून घेतलंय. हे खोटं नाही. ट्रेगिअर कमरेने अडला आणि मैदान सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

आणखी एक : पत्र खरं यासाठी लिहिलं की तुमच्या बोलिंग क्लबात गोळे घरंगळवता त्या हिरवळीला कुठलं खत घालता ते लवकर कळवा. काल नवा गोलकीपर आला आणि आल्या आल्या त्याने टाचेने चांगली हातभर रेघ ओढली. मी गुडघे टेकून ती हाताने बुजवली. मी त्याला स्पष्ट सांगितलं, रेघबिघ इथे चालायची नाही, बंदरात हव्या तेवढ्या डोलकाठ्या आहेत.