घरचा नमुना

सोमवार, ४ मार्च

लागले एकदाची नव्या नोकरीला! खोली इस्पितळाच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. खाली धुलाईघर, त्यामुळे दिवसभर गरम चादरींचा वास येतो आणि फरशी कोमट असते. दोन टेबलं, दोन मोठे पडदे, खिडकीला जाड कापड. आठ वर्षं ईसीजी काढून लोकांच्या छातीवर जेल चोपडलं, आता बसून काम. मला तर स्वर्गच.

काम सोपं आहे. संशोधनातल्या लोकांच्या छातीवर पॅच असतो, त्यातून हृदयाचा आलेख इथल्या कॉम्प्युटरवर येतो. प्रोग्रॅमला अजून कळत नाही, ठोका कुठला आणि खोकल्याचा, चालण्याचा, कपडा घासल्याचा कचरा कुठला. ते आपण शिकवायचं. ठोक्यावर हिरवी खूण, कचरा खोडायचा. आलेखाची एकच पट्टी इथे बसणाऱ्या आम्हा दोघींकडे स्वतंत्रपणे येते. दोघींचं जुळलं की पक्कं, नाही जुळलं तर संशोधनाचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, ठरवतात.

इथली एक रीत मला फार आवडली. नव्या माणसानं घरचा एक नमुना द्यायचा, म्हणजे घरातल्या कुणाला तरी पॅच लावायचा. आपलं माणूस टेबलावर असलं की हात जपून चालतो, असं सर म्हणाले. माझ्या घरी आहे कोण? धाकटी. आईबाबा गेल्यापासून मीच तिची आई आणि मीच तिचा बाप. तिला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, चला, माझं हृदय कुणीतरी मनावर घेतलं. तिचा नंबर सत्तावीस.

बुधवार, ६ मार्च

समोर बसते ती मावशी. कुणाचीच मावशी नाही, पण सगळे तसंच म्हणतात. तोंड असं की लिंबू चोखून आली आहे. पहिल्या दिवशी मी चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवला, तर तो दोन बोटांनी उचलून माझ्याकडे सरकवला. आज माझी खुर्ची ढकलून दिली. मीही काही कमी नाही, परत तिथेच ओढली.

आणि काम काय मुंगीच्या पावलांनी! अकरा नंबरची एक पट्टी घेऊन तास तास बसते. त्या पट्टीत नुसती थरथर. त्यातल्या बारक्या बारक्या उंचवट्यांवर ही एकेक हिरवी खूण करते. मी सगळा कचरा म्हणून खोडला. जुळलं नाही, प्रकरण सरांकडे गेलं. सरांनी माझं धरलं, आणि माझ्यादेखत तिला म्हणाले की आता तुमची नजर थकली. ती एवढंच म्हणाली की साहेब, परत एकदा बघा. सर घड्याळाकडे बघत होते. अकरा नंबरच्या सगळ्या जुन्या पट्ट्या त्यांनी माझ्याकडे दिल्या. चाळीस पट्ट्या, दोन तासांत साफ! नव्याचे नऊ दिवस म्हणा हवं तर, पण सरांनी पाठ थोपटली.

सोमवार, ११ मार्च

मावशी तीन दिवस आली नाही. तिचा नवरा गेला. तीन वर्षं अंथरुणावर होता, हृदय अगदी अशक्त. बुधवारी दुपारीच गेला म्हणे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग सर म्हणाले, अकरा नंबर आता बंद करा. का, म्हणून विचारलं. तो मावशीचा घरचा नमुना होता.

आलेखावर खोडल्यानं का कुणी मरतं? आजारी माणूस, वेळ आली होती. असं स्वतःला दहादा बजावलं. जेवण मात्र गेलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

मावशी आली, माझ्याही आधी. आणि गोड वागली. माझी खुर्ची स्वतः ओढून दिली, चहा घेतेस का म्हणून विचारलं.

दिवसभर तिनं दुसरी पट्टी उघडली नाही. तिच्या पडद्यावर फक्त सत्तावीस.

सोमवार, १८ मार्च

धाकटी म्हणते, ताई, मध्येच काळीज एक पायरी चुकतं. अंधारात जिना उतरताना होतं तसं. वर्गात दोनदा झालं, आज सकाळी चार वेळा. वेळा तिनं वहीच्या मागे लिहिल्यात. गुणी पोर.

त्या घेऊन मी कॉम्प्युटरमधल्या नोंदी उघडल्या. मावशीनं ठोके खोडलेत. चांगले, ठसठशीत, आंधळ्यालाही दिसतील असे. दहा वाजून चाळीस मिनिटांनी एक खोडला, दहा एक्केचाळीसला धाकटीचं काळीज चुकलं. अकरा बावीसला खोडला, तेवीसला चुकलं. सहाच्या सहा वेळा असंच. खोडलं आधी, चुकलं मागून.

मंगळवार, १९ मार्च

सरांना सांगितलं. ते चिडले. हृदय आलेख काढतं, आलेख हृदय काढत नाही, हे तुम्हाला आठ वर्षांत कळलं नाही का, म्हणाले. बायकांच्या भांडणात मला ओढू नका, हेही ऐकवलं. आणि यापुढे जुळलं नाही तर ते बघणारही नाहीत, प्रोग्रॅमच ठरवेल. तो आता पुरेसा शिकलाय.

कुणाच्या हातून शिकला, हे मी विचारलं. तुमच्याच, म्हणाले. ती अकरा नंबरची चाळीस पट्ट्यांची कामगिरी त्याला फार उपयोगी पडली. लहान उंचवटा म्हणजे कचरा, हे त्याला पक्कं समजलंय.

बुधवार, २० मार्च

सकाळी धाकटीचा पॅच मीच ओढून काढला, कात्रीनं तुकडे करून कचऱ्यात टाकले. सुटलो एकदाचे, म्हटलं.

कामावर पोचले. सत्तावीस चालूच होता. पडद्यावर ताजी पट्टी येत होती आणि मावशी खोडत होती.

गुरुवार, २१ मार्च

रजा टाकता येत नाही. मी खुणा केल्या नाहीत तर तिचंच खरं धरलं जातं.

मावशीचे पाय धरले. अक्षरशः. रडले, चुकले म्हणाले. तिनं माउस सोडला नाही. शांतपणे म्हणाली की तीन वर्षं त्यांचा एकेक ठोका मी हातानं जागेवर ठेवला. तू दोन तासांत झाडून काढलास. कुणाचा आहे, एवढं तरी विचारायचं होतंस.

मी उठून माझ्या टेबलाशी गेले आणि तिनं खोडलेल्या ठोक्यांवर परत खुणा करत बसले.

शुक्रवार, २२ मार्च

धाकटीला घेऊन आले. बाकावर निजवलंय, माझ्या शेजारी. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं. नाडी जरा हलकी आहे, विश्रांती द्या, म्हणाले. झालं.

सरांना दाखवायला वेळा लिहून ठेवतेय. पुरावा लागतो त्यांना.

१०.१० — मी खूण करते, ती खोडते, प्रोग्रॅम निवाडा देतो. ठोका मोठा असला की तो राहू देतो. अजून मोठे आहेत.

१०.५० — धाकटी थकतेय. उंचवटे उतरायला लागलेत.

११.२५ — तिचे ओठ पांढरे. मी कॉम्प्युटरची वायर उपटली. पडदा काळा झाला आणि तिचा श्वासच — परत लावली. परत लावली. आला श्वास.

११.४० — मावशी उठली. पर्स घेतली, चष्मा पुसून डबीत ठेवला. धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, माझं काम झालं. गेली.

आता समोर कुणी नाही. खुर्ची रिकामी. तरी खुणा पुसल्या जाताहेत —

११.५५ — प्रोग्रॅम पुसतोय. कारणाच्या रकान्यात माझंच नाव येतंय. माझ्या जुन्या खुणांशी जुळलं, म्हणून पक्कं. दर वेळी. दर वेळी माझं नाव.

१२.०५ — सर फोन उचलत नाहीत. उठता येत नाही. उठले तर —

१२.१० — ती म्हणतेय, ताई, लिहू नकोस. हात धर माझा.

एक हात माउसवर. दुसरा — हे वाक्य झालं की धरते, राणी — हा एक ठोका आला. खूण केली. राहिली. दुसरा आला. केली. पुसली. परत केली —

हा बारीक आहे. नुसती थरथर. नाही, थरथर नाही, ठोका आहे. मला दिसतोय. आहे. आहे तो. परत केली. परत. अगं, मी सांगतेय ना, हा ठो