टॉवेलखालचा सौदा

९ सप्टेंबर, सोमवार

आबांनी जेवता जेवता निकाल दिला. "दसऱ्यापतोर एक गाडी तू हुडकून आणायची आन् तूच इकायची. जमलं तर अड्डा दोघांचा. न्हाय जमलं तर कागलला कंपनीत खुर्चीवर बसायचं. मग कुरकुर न्हाय ऐकणार."

कागलच्या एमआयडीसीतले लोक दसऱ्यानंतर रुजू व्हा म्हणालेत. आई खूश. पंखा, कँटीन, शनिवारी अर्धा दिवस! मला मात्र उचगाव रस्त्यावरचा आमचा जुन्या गाड्यांचा अड्डाच हवा आहे. पत्र्याची शेड, अकरा गाड्या, एक कुत्रं. हे आईला सांगायची सोय नाही. घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ती घेऊन मी गाड्यांखाली शिरणार!

अडचण एकच. मला खोटं बोलता येत नाही. बोलले तर पोट दुखतं. म्हणजे खरंच दुखतं, ओवा खावा लागतो.

१० सप्टेंबर

आबा गाड्यांच्या आधी वीस वर्षं बैलांचे दलाल होते. त्यामुळे गाडी बघताना अजून आधी मागून बघतात, मग बाजूने, मग बॉनेटवर थाप मारून थांबतात — जणू ती शेपूट हलवणार आहे. टायरना खूर म्हणतात. इंजिन सुरू झालं की डोळे मिटतात. "धाप लागतीया हिला." शाळेत एक दिवस गेले नाहीत, पण अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

सौदाही बैलबाजारासारखाच. समोरच्या व्यापाऱ्याला 'या पावणं' म्हणायचं, त्याचा हात टॉवेलखाली घ्यायचा आणि बोटं धरून आकडा सांगायचा. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा. स्वतःच्या पोरीला, म्हणजे मला, अंकही असेच शिकवले. मध्येच नख टोचायचे, मी किंचाळले की हसायचे. पहिलीत बाई विचारायच्या, "क्रांती, बाकाखाली काय चाललंय?" बेरीज चाललेली असायची!

पण माझं मत इथे लिहून ठेवते. व्यवहार खरा असेल तर त्याच्यावर टॉवेल कशाला?

११ सप्टेंबर

गाडी तपासायची यादी केली. बेचाळीस मुद्दे. रंगाची जाडी, दारांचे रबर, ऑइलचा रंग, विम्याचे कागद. आबांनी यादी उलटी धरून बराच वेळ पाहिली. म्हणाले, "झ्याक हाय."

१४ सप्टेंबर

वारणानगरला गेले. झुंबरबाई म्हणून एक आजी, नवरा वारल्यापासून गाडी दारात उभी. गाडी म्हणजे लोणी! आणि किंमत सांगितली ती ऐकून माझ्याच पोटात कळ आली. इतकी कमी! मी गप्प बसायचं ठरवलं. साधारण अर्धा मिनिट बसले. मग सांगितलं, "आजी, हिला याहून पुष्कळ येतील."

आजींनी जावयाला फोन लावला. जावयाने भावाला. संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं होतं की गाडी विकण्यासारखी नाहीच, जावयालाच हवी आहे. मला शेंगांची चटणी बांधून दिली.

आबा चटणी खात म्हणाले, "घेणारा दर वाढवतोय आन् इकणारा 'बरं' म्हणतोय. असला बाजार मी चाळीस वर्सांत बघितला न्हाय." मग ठसका लागेपर्यंत हसले. मला हसू आलं नाही.

१८ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू. पंधरा दिवस कुणी गाडी घेणार नाही. आबा म्हणतात घ्यायचं ते आत्ताच, विकायचं ते घट बसल्यावर. वडाच्या पानावर वाढलेलं खाताना मी गाड्यांचा विचार करत होते. पितर माफ करोत.

२१ सप्टेंबर, शनिवार

घेतली! गाडी घेतली!!

जयसिंगपूरला नागाप्पांकडे गेले होते. आबांचे बैलबाजारातले जोडीदार, आता तेही गाड्यांची दलाली करतात. चंदेरी गाडी, एकाच मालकाने वापरलेली, आतून अत्तराचा वास. बेचाळीसच्या बेचाळीस मुद्द्यांवर बरोबरची खूण. विम्याच्या कागदात एकही भरपाई मागितलेली नाही. किंमत बोलायची वेळ आली तेव्हा नागाप्पांनी सवयीने मनगटावर टॉवेल टाकला, हात पुढे केला — आणि माझ्याकडे बघून चटका बसल्यासारखा मागे घेतला. कानापर्यंत लाल! "तू पोरगी... बोलूनच सांगतो गं." सांगितली. मी होय म्हणाले. मग त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि तिसरा चहा मागवला.

मला वाटलं, बरंच झालं. उघड्यावरचा स्वच्छ व्यवहार.

२२ सप्टेंबर

आबांनी दार उघडलं. वास घेतला. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला पिवळा गाळ.

"पुराचं पाणी प्यालीया ही. गळ्यापतोर."

पट्टा माझ्या यादीत नव्हता. बेचाळीस मुद्दे, आणि पट्टा नाही.

पट्टा परत सोडत आबा म्हणाले, "नागाप्पानं कायच सांगितलं न्हाय? नागाप्पानं?" नाही म्हटलं. "खूण बी न्हाय?" कसली खूण! आबा कुत्र्याकडे बघत बसले. दलाल दलालाची बाजू घेणार, दुसरं काय.

२३ सप्टेंबर

४३) सीटचा पट्टा.

३० सप्टेंबर

गाडी पूर्ण उघडली. गालिचे काढले (खाली गाळात जुलै २०२१ची पेट्रोलची पावती!), वायरी बदलून घेतल्या, शेडमध्ये पंखे लावून सुकवली. आईने बघितलं आणि म्हणाली, "बाळंतिणीला शेक देतीस व्हय गं?" चालते छान. पण पुरातली ती पुरातलीच.

४ ऑक्टोबर

काल घट बसले. गिऱ्हाईक सुरू. मी काचेवर पुठ्ठा लावला आहे: 'या गाडीतील दोष.' पहिलाच मुद्दा — सन २०२१च्या पुरात ही गाडी बुडाली होती. एकूण नऊ मुद्दे. अक्षर चांगलं आलंय.

आबांनी शेजारच्या पंक्चरवाल्याकडून वाचून घेतलं. "काचंवर?" म्हणाले. "समद्या गावाला?" बस्स, एवढंच.

६ ऑक्टोबर

एक जण पाचव्या मुद्द्यापर्यंत आला, मग पुठ्ठ्याचाच फोटो काढून गेला. दुसऱ्याने आबांना विचारलं, "पावणं, ही इकायला ठेवलीया का अद्दल घडवायला?" तिसरा नववा मुद्दा संपवून म्हणाला, "दहावा काय? भूत?"

८ ऑक्टोबर

कागलहून फोन. बूट कुठल्या मापाचे लागतील विचारत होते. सांगितलं. दिवसभर रडू येत होतं, गाडी पुसत बसले. चार दिवस उरलेत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

अकराला एक म्हातारी आली. शिवम्मा नाव, शिरोळजवळची, तीस वर्षं मिरचीचा व्यापार. कमरेवर हात ठेवून पुठ्ठा मोठ्याने वाचला. सगळे नऊ. रस्त्यावरची माणसं थांबली.

"एवढंच? माझ्या घरधन्यात ह्याच्यापेक्षा जास्त हुतं. चाळीस वर्सं चालीवला की!"

मी म्हटलं, अव्वा, पहिला मुद्दा नीट बघा. गाडी पुरात होती.

"एकवीसला माझं घर छातीएवढं पाण्यात हुतं. मी बी बुडाले. मी काय भंगारात गेले व्हय?" तिला दुकान ते बाजार, चार किलोमीटरला गाडी हवी. सून चालवणार. सुनेने दोन फेऱ्या मारल्या, मान डोलावली. मग शिवम्माने पदर पुढे ओढला.

"आण हात."

मला वाटलं नव्हतं बोटांना आठवेल. आठवलं! पदराखाली आकडे येत होते, जात होते, आणि वर ती मला मिरचीच्या तोरणाचं सांगत होती. आबा पाठ करून आभाळाकडे बघत उभे. सौदा चालू असताना बघू नये, म्हणून. ठरलं. रास्त ठरलं.

पण तिने हात सोडला नाही. "खोड न्हाई सांगितलीस?"

"पुठ्ठ्यावर लिहिलंय की, अव्वा."

"पुठ्ठा गावासाठी. घेणाऱ्याला हातात सांगत्यात. इकणारा हात सोडायच्या आधी नख दाबतोय. जितक्या खोडी, तितक्यांदा. मालकाची चारचौघांत अब्रू जाईत न्हाई आन् घेणारा फसत न्हाई. नख चुकवलं त्याला बाजारात पुन्हा कोण हात देत न्हाई." मग आबांच्या पाठीकडे हनुवटी करून, "ह्याच्याकडनं आमच्या धन्यानं तीन जोड्या घेतल्या. दरखेपेला अंगठा निळा करून घरला! लई खरं नख."

नख दाबलं. नऊ वेळा.

"हळू गं माझे बाई!"

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडी हार घालून गेली. कागलला नाही म्हणून कळवलं. आई बुटांची चौकशी करत होती.

दसऱ्याच्या शुभेच्छांच्या निमित्ताने नागाप्पांना फोन केला आणि विचारलंच. म्हणाले, "सांगायचीच हुती गं खोड. पण परक्या पोरीचा हात कसा धरायचा? आन् तोंडानं खोड सांगायची आमाला सवय न्हाई. तवापासनं जेवण ग्वाड लागंना झालंय."

आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उंबऱ्यावर बसले, मनगटावर टॉवेल टाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला नावाने हाक मारली नाही.

"या पावणं. हात द्या."