ओठ साहेबांचे, आवाज कुणाचा

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक उत्तम आशीर्वाद. (अनेक म्हणजे तीन. चौथा राखून ठेवला आहे, कारण पुढे येईल.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या बहिणीचा गुडघा जिना चढताना दुखतो. बोलताना तिचं काहीच दुखत नाही. तुझी पाठ कशी आहे? कंपनीच्या शाखेत दिवसभर वाकून बसू नकोस. तिथे ताठ बसणारा निदान एक तरी असावा.

आता हकिगत. सोमवारपासून मी घरी आहे. रजेवर नव्हे, घरी. (दोन्हीतला फरक तुझी बहीण मला दर तासाला समजावते.) तेवीस वर्षं आपल्या कुलपांच्या कंपनीचा तक्रार विभाग मी सांभाळला आणि आता ‘चौकशी होईपर्यंत येऊ नये’ असा कागद हातात आला आहे. चौकशी शुक्रवारी. तीत हरलो तर उरलेलं आयुष्य तुझ्या बहिणीसमोर बसून काढायचं आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

झालं ते असं. आठवडाभर मी तापाने पडलो होतो. सोमवारी उठून ऑफिसला गेलो तर मिटिंग सुरू झालेली. मोठ्या साहेबांचा घसा पार बसला होता, डॉक्टरांनी त्यांना अवाक्षर काढायची बंदी केली होती, आणि ते एकामागून एक गोळ्या चघळत होते. हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, मी सोडून. शाखांमधली मंडळी फोनवरून हजर होती. त्यांचे आवाज ज्या स्पीकरमधून येत, तो शिपायाने साहेबांच्या खुर्चीमागे कपाटावर ठेवला होता. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच समोरून स्वच्छ शब्द आले, की तक्रार विभागात माणूस बसवलेलाच नाही, खुर्ची उबदार राहावी म्हणून तिथे एक उशी ठेवली आहे. समोर साहेबांचे ओठ हलत होते. बाकी कुणाचेच हलत नव्हते. (मिटिंगमध्ये आमचे ओठ फक्त जांभईपुरते हलतात.)

मी उठलो. ताप नुकताच उतरलेला, अंगात जागा रिकामी होती, तिथे स्वाभिमान शिरला असावा. सुरुवात साहेबांच्या टोपापासून केली (केसांचा टोप, तो खोटा आहे हे आम्ही आजवर फक्त डबा खाताना बोलायचो) आणि ही खुर्ची त्यांना सासऱ्यांमुळे मिळाली, इथवर पोचलो. ते हातवारे करत होते. मी त्यांना मध्ये बोलू नका म्हणत होतो. शेवटी त्यांनी चिठ्ठी सरकवली: ‘मी बोललोच नाही.’ ती मी मोठ्याने वाचली आणि म्हणालो, “तोंडी बोलायचं आणि लेखी नाकारायचं?” त्यावर समोरूनच कोणीतरी जोरात खोकलं. साहेबांचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. मग कपाटाकडे माझं लक्ष गेलं, आणि मला पुन्हा ताप भरला.

घरी थोरल्या भावाची लेक आली होती. ती मेंदूवर संशोधन करते, त्यामुळे आमच्या घरी तिला नेहमीच काम असतं. ती म्हणाली, “काका, डोक्यात रंगाचं काम एकीकडे होतं, आकाराचं दुसरीकडे, हालचालीचं तिसरीकडे, आवाजाचं आणखी कुठे. तरी आपल्याला सगळं मिळून एकच जग दिसतं. हे सुटे कागद एकत्र नेमके कसे टाचले जातात, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण आवाज आला आणि तेव्हाच समोर ओठ हलले, की मेंदू दोन्ही टाचून मोकळा होतो.” मी विचारलं, टाचणारा हेडक्लार्क कोण? तसा कुणी नसतोच म्हणे. मला ते लागलं. तेवीस वर्षं मी दुसरं काय केलं?

मग तिने विचारलं, शाखांची तक्रार होती तरी कशाबद्दल? मी सांगितलं, की गोदामात एका कुलपाच्या डब्यात दुसऱ्याच कुलपाची किल्ली जाते. मी कुलूप तपासतो, उत्तम असतं. किल्ली तपासतो, उत्तम असते. तक्रार निकाली. पोरगी इतकी हसली, की तुझी बहीण स्वयंपाकघरातून बघायला आली. “अहो काका, ओठ खरे होते, आवाजही खरा होता. तुम्ही फक्त जोडी तपासली नाहीत.”

असो. सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
भाऊजी

ता. क. — ‘उशी’ ऐकताच तुझी बहीण म्हणाली, की आळशी माणसाला उशी म्हणणारा या जगात एकच आहे, आणि त्याला लहानपणी तिने कडेवर घेतलंय. तेव्हा ‘आवाज माझा होता, साहेबांचा नव्हता, भाऊजींची प्रामाणिक चूक झाली’ असं सहीनिशी लिहून शुक्रवारच्या आत पाठव.

दुसरा ता. क. — पाकीट चिकटवणार तोच साहेबांचा फोन आला. घसा सुटला आहे. पुतणीने त्यांना पत्र लिहून सगळं समजावलं होतं, चौकशी रद्द. पण उशीचं वाक्य त्यांना फार पटलं आहे. ते बोलणारा स्पष्टवक्ता सापडला, की त्याला माझ्या खुर्चीत बसवणार आणि मला गोदामात किल्ल्या कुलपांशी जुळवायला. तेव्हा काही लिहू नकोस. तो आवाज तुझा नव्हता. तुझ्या बहिणीची आठवण हल्ली गुडघ्यासारखीच झाली आहे.

तिसरा ता. क. — वरचं तिने वाचलं. चौथा आशीर्वाद तू गप्प राहिलास तर तुझा. तोवर मला लागेल.