शेजारचे पिंजरे

३ जून
धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून सुटला. आईनं माझ्या गळ्यात मारला. "तू उंदरांना तीच नशा देतेस ना, तुला कळतं त्यातलं!" कळतंच. खोली दिली, आतली कडी काढून टाकली. रोज सकाळी दार उघडं ठेवून बाटलीत लघवी करायची, मी लॅबमध्ये तपासणार. मान खाली घालून म्हणाला, "बरं, ताई." बाबांचं घड्याळ विकताना कुठे गेली होती ही लाज!

५ जून
नवा प्रयोग सुरू. अर्धे उंदीर अरुंद नळीत कोंबायचे — मान वळवता येत नाही, किंचाळतात, मुततात. ताणाचं संप्रेरक मेंदूत चढतं. मग उत्तेजकाचा — धाकट्याच्याच नशेचा — अगदी चिमूटभर डोस. एरवी एवढ्यानं उंदीर मिशीही हलवत नाही, हे मात्र वेड्यासारखे धावतात! बाकीचे अर्धे शेजारच्या पिंजऱ्यांत, निवांत. त्यांना डोस तोच, पण एरवी बोटही लावायचं नाही. तुलनेसाठी.
धावतात तेव्हा मला मजा येते. इथे लिहायला कुणाची भीती?

९ जून
नमुना साफ. तरी जेवताना सोललाच धाकट्याला. "बाबा तुझ्यामुळे गेले" म्हटलं. घास तोंडातच राहिला त्याच्या. चिमणी — माझी लेक, यंदा दहावीला — ताट घेऊन तिच्या खोलीत गेली. "मामाला सोड ना गं आता." भिंतीपलीकडे सगळं ऐकत बसते, ठाऊक आहे मला. ऐकू दे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

१४ जून
साफ. पण मी त्याला सांगितलं नाही. राहू दे घाबरून.

१८ जून
प्रयोग बोंबलला! तेवढ्याच डोसवर शेजारचे उंदीरही तसेच धावले. सर सगळ्यांदेखत ओरडले, "एकाच खोलीत ठेवलेत? अहो, नळीतल्यांचा वास येतो त्यांना, किंचाळणं ऐकू येतं! हात न लावता पिळून काढलंत तुम्ही त्यांना." सगळे मारून पुन्हा पहिल्यापासून. माना मीच मोडल्या. घरी येऊन उरलेला राग धाकट्यावर काढला. बरं वाटलं.

२१ जून
न्हाणीघरात, साबणाच्या डबीमागे पुडी!
"कुणाची?"
धाकटा पुडीकडे बघत राहिला. मग चिमणीकडे. मग म्हणाला, "माझीच, ताई."
त्याची पिशवी जिन्यात भिरकावली. साफ नमुने कुणाचे आणून देत होतास, विचारलं. तो पिशवी उचलून जिना उतरला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच! चिमणी दारात उभी, पांढरीफटक. तिला म्हटलं, बघ, शीक काहीतरी. आई फोनवर रडली, मी ठेवून दिला.

२४ जून
पुडी सापडली त्या सकाळचा धाकट्याचा नमुना फ्रिजमध्ये राहिला होता. तपासला. साफ.
दुपारी शाळेतून फोन — चिमणी वर्गात कोसळली. अजून शुद्ध नाही. रक्तात तेच उत्तेजक. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा मात्रेनं इतकं होत नाही हो. घरात काही ताण आहे का तिला?"
मी म्हटलं, तिला तर आम्ही बोटही लावत नाही.