रुखवताचा डबा

टोकावडे,
१२ फेब्रुवारी

प्रिय कुणालीताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे. वाल काढून झाले, जगन दिवसभर शेतावर असतात. तुझे पाय सुजतात म्हणालीस, ते आता कसे आहेत?

डोहाळजेवणाच्या करंज्या मीच कराव्यात असं म्हणालीस. करीन गो, पण एकटीनं नाय. का ते फोनवर सांगवलं नसतं, म्हणून लिहिते.

चार महिने झाले, मी दर रविवारी शहापूरला जाते. जगनना सांगून जाते, लपून नाय. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, ही खादाडी नव्हे, आजार आहे. भूक नसताना फडताळ उघडायचं, उभ्यानंच खायचं. पोट तट्ट फुगलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबत नसे. दारू सोडणारा गुत्त्याची वाट सोडतो, मला मेलीला रोज दोनदा गुत्त्यातच चूल पेटवायची! आता नेम एकच: बसून, ताटात वाढून, कुणाच्या तरी समोर खायचं. संक्रांतीला घसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट घेऊन बसले.

ताई, तुझ्या लग्नात रुखवताचा डबा उघडला आणि आत सहाच करंज्या निघाल्या. तुझ्या सासूनं भर मांडवात नाक मुरडलं, आठवतं? हळदीच्या दुपारी सगळे मांडवात होते, तेव्हा बाकीच्या मी खाल्ल्या. आळ आला गंगीमावशीवर, कारण चार दिवस आपल्याकडे ती राबत होती. आईनं तिला मानाचं लुगडंसुद्धा न देता घालवलं, आणि मी दाराआड तोंड पुसत उभी होते. सहा वर्षं झाली, लाज अजून जात नाय.

काल डोळखांबला तिच्या पाड्यावर गेले. सगळं सांगून रडले. ती नाचणी पाखडत होती, सूप खाली ठेवलंन.

"मला म्हायती होतं गो. तुझ्या ओढणीला सारण लागलं होतं."

"मग बोलली का नाय?"

"तुझं लगीन व्हायचं होतं."

डोहाळजेवणाला ये म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या आईनं बोलावलं तर येन.

उद्या आईकडे जाते. तिला मीच सांगणार, तू मधे पडू नकोस. मग ती मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

करंज्या गंगीमावशी नि मी मिळून करू. पंगतीत माझं पान तिच्या शेजारी मांड. ती आली नाय, तर माझंही मांडू नकोस.

तुझाच डबा रिकामा करणारी,
रुचिता