ऐकू न आलेला होला

प्रिय व्हर्लिन,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, घरावर नवं छप्पर चढलंय आणि मोडलेल्या ब्रेडफ्रूटच्या झाडाला बुंध्यातून फुटवे आलेत.

वादळानंतर मी रोज सकाळी टेकडीवर जात होतो. जंगलखात्याची नोकरी संपली तरी होल्यांची मोजदाद काही मी सोडलेली नाही. आपला होला दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. काटेरी झुडपांखाली पाचोळा उलथत फिरतो आणि चाहूल लागली की उडायचं सोडून पायीच सटकतो. नर मात्र फांदीवर बसून एकच लांब ‘हूऽऽ’ घालतो, थांबतो, पुन्हा घालतो. त्या हाकांवरूनच मोजायचं.

या खेपेला एकही हाक नाही. झुडपं आडवी झालेली, अंडी-पिल्लं खाणारी मुंगसं मोकाट. ग्रेनेडाबाहेर हा पक्षी जगात कुठेच नाही; इथला संपला की संपलाच. मला जेवण जाईना. चर्चमध्ये मी होल्यांच्या नावाने मेणबत्ती लावली, तर पाद्रीबाबा माझ्याकडे बघतच राहिले.

मग एका रविवारी शेजारची मिस ऊना माझ्यामागे आली. “वर एकटाच जाऊन बसतोस, कोसळलास तर उचलणार कोण?” ओढ्याच्या काठाशी आम्ही टेकलो. मी म्हणालो, “बघ, कशी सामसूम आहे.” ती म्हणाली, “सामसूम? ऑगस्टिन, अरे दोन होले मघापासून घसा फोडतायत, माझं डोकं उठलं!” मला वाटलं, बाई थट्टा करतेय. तिने मला हाताला धरून झुडपापाशी नेलं. फांदीवर नर बसला होता. गुलबट छाती फुगत होती, मान खाली जात होती. माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. मी तिथेच रडायला लागलो. ऊना म्हणाली, “जिवंत आहेत ना ते? मग रडतोस कशाला?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खालच्या पट्टीतले आवाज गेलेत. तरीच ऊनाचं ओरडणं मला स्वच्छ ऐकू येतं. हे तिला सांगितलं तर दिवसभर फुगून बसली. आता आम्ही दोघं जातो. ती ऐकते, मी शोधतो. परवा काटक्यांचं घरटं सापडलं, आत दोन पांढरी अंडी. आईबाप पाळीपाळीने बसतात.

व्हर्लिन, तुझा आवाजही तुझ्या आईसारखा, खालच्या पट्टीतला. गेले कित्येक महिने तू फोनवर बोलतेस आणि मी अंदाजाने ‘हो बाळा’ म्हणत राहतो. मागच्या वेळी तू बराच वेळ बोललीस, मध्येच थांबलीस. मी ‘छान, छान’ म्हणालो आणि तू फोन ठेवून दिलास. त्यानंतर तुझा फोन नाही. ते छान नसावं, असं आता वाटतं. काय सांगत होतीस, बाळा? लिहून पाठव. सगळं लिही. डोळे माझे अजून चांगले आहेत.

तुझाच,
डॅडी